‘हुआना इनेस’ बघायला बसण्याआधी

मी पुण्यात, एरंडवण्यात, घरीच स्पॅनिश शिकवते. भाषा जरा हाताशी आली की प्रत्येक बॅचला मी ‘हुआना इनेस’ ही सतराव्या शतकातल्या एका मेक्सिकन नन-कवयित्रीवरची मालिका बघायला सांगते, आणि मग निरोप यायला लागतात. “मॅम, इतके पाद्री आहेत, कोण कुठला तेच कळत नाही.” “नन असून ही राजवाड्यातल्या बाईंना अशा कविता कशी लिहिते?” “शेवटी तिने पुस्तकं का दिली?” प्रश्न अगदी रास्त असतात. मालिका मेक्सिकोच्या प्रेक्षकांसाठी केलेली आहे. त्यांनी हे सगळं शाळेत शिकलेलं असतं, हुआनाचा चेहरा त्यांच्या नोटेवर असतो (आधी 200 पेसोच्या, 2020 पासून 100 पेसोच्या). आपल्याला ती ओळख आधी करून घ्यावी लागते. वर्गात जे तोंडी सांगते तेच इथे लिहून ठेवते आहे.

मालिका 2016 ची, सात भागांची. कॅनल ओन्से या मेक्सिकोच्या सरकारी वाहिनीने ती दाखवली आणि नंतर नेटफ्लिक्समुळे ती बाहेरच्या देशांत पोचली. मालिका पात्रिसिया आर्रियागा होर्दान यांची. तरुण हुआना आरांत्सा रुइस आणि पुढची हुआना आर्सेलिया रामिरेस करते. चेहरा बदलला म्हणून गोंधळू नका.

आधी संत कवयित्री बाजूला ठेवा

‘नन आणि कवयित्री’ एवढं ऐकलं की मराठी माणसाच्या मनात मुक्ताबाई, जनाबाई, मीरा उभ्या राहतात. माझी आईसुद्धा पहिल्या भागात वाट बघत होती, हिला देवाची ओढ कधी लागणार म्हणून. ती वाट बघू नका. सोर (म्हणजे सिस्टर) हुआना इनेस दे ला क्रूस हिने मठाचा रस्ता का धरला, हे तिने स्वतःच लिहून ठेवलं आहे: लग्न तिला अजिबात करायचं नव्हतं, आणि त्या काळच्या बाईला अभ्यासासाठी निवांतपणा देईल अशी अब्रूदार जागा मठाखेरीज दुसरी नव्हती. मठातही चार बायकांच्या वर्दळीत वाचन मोडेल, अशी तिला धास्ती होतीच. ती श्रद्धाळू होती, त्यात शंका नाही. पण तिची भूक वाचायची होती.

हे एकदा धरून ठेवलं की सातही भाग एका धाग्यात येतात. प्रत्येक प्रसंगात बघायचं ते एवढंच: हिला वाचायला वेळ आणि जागा कोण देतंय, कोण काढून घेतंय, आणि बदल्यात हिच्याकडून काय मागतंय. व्हाइसरॉय येतात-जातात, पाद्री बदलतात; ही देवाणघेवाण मात्र शेवटच्या भागापर्यंत चालू राहते.

तिचं बालपण आधीच माहीत असलेलं बरं. जन्म ज्वालामुखींच्या पायथ्याशी, सान मिगेल नेपांत्ला इथला; साल कुठे 1648, कुठे 1651 दिलेलं दिसेल. आईबापाचं लग्न झालेलं नव्हतं. आई इसाबेल रामिरेस हिला लिहिता येत नव्हतं, पण शेतीचा कारभार तिने एकटीने सांभाळला. आजोबांच्या घरी पुस्तकं होती. हुआना तिसऱ्या वर्षी थोरल्या बहिणीच्या मागे शाळेत गेली आणि बाईंना थाप मारली की आईनेच शिकायला पाठवलंय. चीजने बुद्धी मंदावते असं कुणाकडून ऐकलं, तेव्हापासून आवडता पदार्थ सोडला. पुढे लॅटिन शिकताना केस चार-सहा बोटं कापायची. ते परत वाढेपर्यंत ठरवलेला धडा आला नाही, तर पुन्हा कापायची. ज्ञान नसलेल्या डोक्यावर केसांची शोभा कशाला, हे तिचं म्हणणं. मुलाच्या कपड्यात विद्यापीठात पाठवा, असा आईकडे हट्टही करून झाला होता. दरबारातली तरुण हुआना इतकी ताठ का बोलते, ते या गोष्टी माहीत असल्या की लगेच लक्षात येतं.

वहीचं एक पान नावांसाठी

वही हाताशी ठेवाच. पानाच्या मधोमध हुआना लिहा आणि चार कोपऱ्यांत चार माणसं.

वरच्या डाव्या कोपऱ्यात लेओनोर कार्रेतो. ही मालिकेतल्या पहिल्या व्हाइसरॉयची, म्हणजे मान्सेराच्या मार्क्विसची बायको. मेक्सिको तेव्हा ‘नवा स्पेन’ म्हणून स्पेनच्या राजाच्या ताब्यात होता आणि राजाच्या वतीने व्हाइसरॉय राज्य करायचा. मान्सेरा 1664 ते 1673 या काळात होता. लेओनोरने हुआनाला आपल्या पदरी ठेवून घेतलं. सतरा-अठरा वर्षांच्या या मुलीची परीक्षा घ्यायला व्हाइसरॉयने सुमारे चाळीस विद्वान जमवले होते, ते याच काळात. स्पेनला परत निघालेली लेओनोर 1674 मध्ये बंदराच्या वाटेवरच वारली. हुआनाने तिच्या मृत्यूवर सुनीतं लिहिली. कवितेत ती ‘लाउरा’ आहे.

वरच्या उजव्या कोपऱ्यात मारिया लुइसा मान्रिके दे लारा, पारेदेसची काउंटेस. ही 1680 मध्ये नव्या व्हाइसरॉयबरोबर आली. कवितेतली ‘लिसी’ ती हीच. साल डोक्यात बसवायला आपल्याकडची खूण पुरते: शिवाजी महाराज गेले ते 1680 च्या एप्रिलमध्ये, आणि त्याच नोव्हेंबरात मेक्सिको शहरात या जोडप्याच्या स्वागताला भव्य कमान उभी राहिली. कॅथेड्रलच्या त्या कमानीची संपूर्ण कल्पना आणि कविता मठात बसलेल्या हुआनाची होती.

खालच्या डाव्या कोपऱ्यात आंतोनियो नुन्येस दे मिरांदा. जेझुइट या कॅथलिक संघाचा पाद्री, व्हाइसरॉयच्या घराण्याचं आणि हुआनाचं कन्फेशन (पापांची कबुली) ऐकणारा, शिवाय इन्क्विझिशनचा, म्हणजे धर्मद्रोह्यांना शोधून शिक्षा करणाऱ्या चर्चच्या न्यायालयाचा, अधिकारी. आई दर भागात विचारायची, “अगं, हा हिच्या मागे का लागलाय?” त्याचं उत्तर असं की त्याला तिचा आत्मा वाचवायचा होता, आणि कविता, दरबार, कीर्ती या सगळ्यात तो आत्मा बुडतोय असं त्याला मनापासून वाटत होतं. त्याला खलनायक समजून बघाल तर मालिका अर्धीच हाती लागेल. तिला मठात जायला मदत करणाराही तोच होता. पुढे हुआनाने त्याला पत्र लिहून स्पष्ट सांगितलं, मला आता दुसरा मार्गदर्शक शोधू द्या. हे पत्र तीनशे वर्षांनी, 1980 मध्ये, मोंतेर्रेइच्या सेमिनरीत सापडलं. त्यातली हुआना फार धीट आहे.

खालच्या उजव्या कोपऱ्यात दोन बिशप लिहा, कारण ते कायम गोंधळात टाकतात. फ्रान्सिस्को दे आगियार इ सेइहास हा मेक्सिकोचा आर्चबिशप: अत्यंत कडक, बायकांची सावली नको असणारा, नाटकांचा वैरी. मानुएल फर्नांदेस दे सांता क्रूस हा पुएब्ला शहराचा बिशप: गोड बोलणारा, हुआनाचा चाहता म्हणवणारा. धोका कुठल्या बाजूने येतो, ते मी आत्ताच सांगत नाही. कोपरा मात्र लक्षात ठेवा.

बघताना

आवाज मूळ स्पॅनिशच ठेवा, भाषा येत नसली तरी. डब केलेल्या आवाजात कवितेचा ठेका मरतो. एका बैठकीत एकच भाग. कपड्यांकडे, जागांकडे बघायला डोळे मोकळे हवेत, आणि सबटायटल वाचता वाचता दोन भागांनंतर ते दमतात. माझ्या आईला बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून मी थांबवून थांबवून सांगते. त्या थांबण्यानेच अर्धी मालिका कळते, असा माझा अनुभव आहे.

मठ म्हटल्यावर डोळ्यांसमोर उघडी-बोडकी खोली आणू नका. तशी खडतर जागा हुआनाने आधी पाहिली होती: 1667 मध्ये ती कार्मेलाइट मठात गेली आणि तीन महिन्यांच्या आत बाहेर पडली. मग 1669 मध्ये सान हेरोनिमोच्या मठात तिने कायमची शपथ घेतली. इथे आत यायलाही हुंडा लागायचा. तिचा तीन हजार पेसोंचा हुंडा एका श्रीमंत हितचिंतकाने भरला. खोल्या म्हणजे स्वतंत्र घरंच, वर-खाली मजले, स्वयंपाकघर, मोलकरणी. आणि गुलामही. हुआनाला तिच्या आईने एक गुलाम मुलगी दिली होती, आणि 1684 मध्ये हुआनाने ती आपल्या बहिणीला विकली. बाईच्या बुद्धीसाठी इतकं लढलेल्या हुआनाच्या घरातलं हे वास्तव मी प्रत्येक बॅचला सांगते. मागच्या बाजूला तबक घेऊन उभ्या असलेल्या बायकांकडेही बघा. हुआनाचा वेळ त्यांच्या कष्टावर उभा आहे.

एकदा शपथ घेतली की बाहेर जाणं नाही. मरेपर्यंत ती या आवाराबाहेर पडली नाही. म्हणून भेटीच्या खोलीतली जाळी नीट बघा. विद्वान, कवी, व्हाइसरॉयची बायको, सगळे त्या जाळीपाशी यायचे. जगच तिच्याकडे चालत येत होतं, आणि हीच गोष्ट आर्चबिशपला खुपत होती.

पहिल्या भागाआधी तिचं एक चित्र शोधून बघून घ्या: मिगेल काब्रेराने 1750 मध्ये, म्हणजे तिच्या मृत्यूनंतर, काढलेलं. पाठीमागे पुस्तकांच्या रांगा, पुढ्यात उघडं पुस्तक, हनुवटीखाली मोठी वाटोळी पदकासारखी चकती. त्या चकतीवर देवदूत मारियेला येशूच्या जन्माची वार्ता सांगतोय, तो प्रसंग आहे. अशा चकत्या मेक्सिकोच्या नन मिरवत.

कवितांपाशी थांबा

कविता म्हटली जात असेल तेव्हा भाग थांबवा आणि तीच कविता शोधून पूर्ण वाचा. तिची सगळ्यांत गाजलेली कविता पुरुषांना जाब विचारणारी आहे: बाईला तुम्हीच नादी लावता, आणि ती वश झाली की तुम्हीच तिला नावं ठेवता, जास्त दोषी कोण, पैशासाठी पाप करणारी की पापासाठी पैसे मोजणारा? मेक्सिकोत शाळकरी मुलांनाही हिच्या ओळी पाठ असतात. दुसरी, स्वतःच्या चित्रावरचं सुनीत: ही रंगांची फसवणूक आहे, शेवटी सगळी माती, धूळ, सावली. या दोन्ही छोट्या आहेत, इंग्रजीत सहज मिळतात. ‘प्रिमेरो सुएन्यो’ मात्र आत्ता उघडू नका. 975 ओळींची, रात्री शरीर झोपल्यावर विश्व समजून घ्यायला निघालेल्या बुद्धीची ती कविता आहे. हुआनाच्या सगळ्या लेखनात मला ती सर्वांत मोठी वाटते. मालिका संपल्यावर, सावकाश वाचा.

लिसीला लिहिलेल्या कवितांबद्दल विचारणं होतंच. मालिकेने त्यांना प्रेम म्हणून बघितलं आहे आणि ते उघडपणे दाखवलं आहे, तेव्हा घरात लहान मुलं असतील तर आधी स्वतः बघा. इतिहासाची कागदपत्रं एवढंच सांगतात की कविता अत्यंत उत्कट आहेत, आणि आश्रयदात्या बाईला प्रेयसीच्या भाषेत लिहिणं हा त्या काळच्या दरबाराचा रिवाजही होता. मला दोन्ही खरं वाटतं: रिवाजाच्या आडोशाने माणूस खरंही बोलू शकतो. एक गोष्ट मात्र पक्की: 1688 मध्ये स्पेनला परतताना मारिया लुइसाने तिच्या कविता बरोबर नेल्या आणि 1689 मध्ये माद्रिदला त्यांचं पुस्तक छापवून घेतलं. आज आपण हुआना वाचतो त्यात या बाईचा वाटा फार मोठा आहे.

मधल्या सुट्टीत स्वयंपाकघर

चौथ्या भागाच्या आसपास एक संध्याकाळ मालिका बंद ठेवा आणि हे करून बघा. मठातल्या एका वरिष्ठ बाईंना वाटलं, अभ्यास म्हणजे इन्क्विझिशनला निमंत्रण. त्यांनी हुआनाला पुस्तक हातात घ्यायला मनाई केली. सुमारे तीन महिने तिने पुस्तक उघडलं नाही. पण डोकं थांबेना. ती लिहिते की अंडं तुपा-तेलात एकजीव होऊन तळलं जातं आणि साखरेच्या पाकात मात्र फुटून विखुरतं. पाक पातळ राहावा म्हणून आंबट फळ बुडवलेलं पाणी जराशा प्रमाणात पुरतं.

हे वाचून आई लगेच म्हणाली, “म्हणजे पाकात लिंबू पिळतो तेच की!” अगदी तेच. आंबटामुळे साखरेचे रेणू तुटतात आणि तिला परत खडा धरता येत नाही. म्हणून दोन छोट्या भांड्यांत पाक करा, एकात लिंबाचे चार थेंब टाका, रात्रभर ठेवा, सकाळी बघा. मुलं असतील तर परातीत बारीक पीठ चाळून त्यावर भोवरा सोडा. हुआनाने दोन मुलींना भोवरा खेळताना पाहून असंच पीठ मागवलं होतं. तो फिरतो ती रेघ पूर्ण वर्तुळाची आहे का हे तिला बघायचं होतं, आणि जोर ओसरत जाईल तशी ती सर्पिलाकार होते असं तिला दिसलं. अ‍ॅरिस्टॉटलने स्वयंपाक केला असता तर त्याने आणखी लिहिलं असतं, हे तिचं वाक्य याच पानांवरचं आहे. तिच्या पुस्तकांवर बंदी आणल्याने काहीच साधत नाही, हे शेवटचे भाग बघण्याआधी हातांनी अनुभवलेलं बरं.

शेवटाकडे जाताना

शेवटच्या भागांतला तंटा धर्मशास्त्राचा आहे आणि तो आधी समजून न घेता बघितला तर नुसती भांडणं दिसतात. तेव्हा असं धरा. पोर्तुगीज जेझुइट आंतोनियो व्हिएइरा हा त्या काळचा सर्वांत गाजलेला प्रवचनकार. ख्रिस्ताने माणसावरच्या प्रेमाची सर्वांत मोठी खूण कोणती दिली, यावर त्याचं एक जुनं प्रवचन होतं. हुआनाने ते मुद्देसूद खोडून काढलं. स्वतःचं मतही मांडलं: माणूस कृतघ्न ठरेल म्हणून देव कधी कधी कृपा करायचं राखून ठेवतो, हेच त्याचं मोठं प्रेम. हे टिपण पुएब्लाच्या बिशपच्या हाती पडलं. त्याने 1690 मध्ये ते छापलं आणि सोबत ‘सोर फिलोतेआ’ या बनावट ननच्या नावाने पत्र जोडलं: तुमची बुद्धी थोर आहे, पण आता ती पवित्र विषयांकडे वळवा. स्तुती आणि कानउघाडणी एकाच पानावर. व्हिएइरावरचा हल्ला खरं तर त्याचा चाहता असलेल्या आर्चबिशपला झोंबावा म्हणून केला गेला, असंही काही अभ्यासक मानतात.

हुआनाचं उत्तर 1 मार्च 1691 चं आहे. वर सांगितलेलं चीज, केस, पाक, भोवरा, सगळं या उत्तरातलं. त्यात ती हायपेशियापासून स्वीडनच्या राणी क्रिस्तिनापर्यंत शिकलेल्या बायकांची नावं मांडते आणि विचारते, मग माझंच काय चुकलं? मालिकेतला हा भाग बघण्याआधी हे उत्तर वाचाच. चाळीस-पन्नास पानांचा मजकूर आहे. मालिका कितीही चांगली असली तरी हुआनाचा आवाज या पानांत आहे.

पुढे सगळं वेगाने होतं. मारिया लुइसा स्पेनमध्ये, दूर. जून 1692 मध्ये मक्याच्या टंचाईने शहरात दंगा, राजवाड्याला आग. हुआनाने ग्रंथसंग्रह आणि उपकरणं दिली, 1694 मध्ये स्वतःच्या रक्ताने शपथपत्रावर सही केली. 17 एप्रिल 1695 रोजी, साथीत आजारी ननची सेवा करता करता ती गेली. नुन्येस तिच्या दोनच महिने आधी गेला होता. तिला वाकवलं की ती आपणहून वळली, यावर आजही वाद आहे. सहा वर्षं दिल्लीत मेक्सिकोचे राजदूत असलेल्या ओक्ताव्हियो पास यांनी 1982 मध्ये तिचं जाडजूड चरित्र लिहिलं, त्यात हा दबावाचा विजय मानला आहे. कॅथलिक परंपरेतले अनेकजण त्याला खरंखुरं परिवर्तन मानतात. शेवटचा भाग बघताना मालिका कुठल्या बाजूला झुकते, ते वहीत नोंदवा, आणि तुमचं मत त्याखाली लिहा. माझं मत दबावाचंच आहे. पस्तीस वर्षं वाचण्यासाठी भांडलेली बाई मनाने पुस्तकं देणार नाही.

तिचा मठ आज मेक्सिको शहरात तिच्याच नावाचं विद्यापीठ आहे. तिकडे जाणं जमेल न जमेल, पण त्या काळचा ननचा मठ कसा असे ते बघायला जुन्या गोव्यात जाता येतं. सांता मोनिकाचा मठ 1606 मध्ये सुरू झाला, आशियातल्या पहिल्या मठांपैकी तो एक; जाड भिंती, मधला चौक, बाहेरच्या जगापासून तोडलेलं आवार. त्याच्याच आवारात ख्रिस्ती कलेचं संग्रहालय आहे. बॉम जेझूच्या गर्दीतून वर टेकडीकडे चालत गेलात की ते लागतं. तिथे गेलात तर आधी चौक फिरून घ्या, संग्रहालय नंतर.